निवृत्तीच्या उंबरठ्यावर: साडेतीन हजारांची पेन्शन, कारखान्यातले जुने पाच हंगाम आणि पीएफची रक्कम

प्रश्न : वाळूजचा_फिटर

सर्वांना नमस्कार. मी मूळचा अंबाजोगाई तालुक्यातला असून जुलै २००४ पासून वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत फिटर आहे. जुलै २०२६ मध्ये माझी ५८ वर्षे पूर्ण होतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सध्या २४,००० रुपये आहेत, तरीही कंपनीच्या कार्यालयाने माझी मासिक पेन्शन साधारण साडेतीन हजार निघेल असे सांगितले आहे. बावीस वर्षे दरमहा कपात होऊनही आकडा एवढा लहान का, हे मला उमगलेले नाही. त्याआधी १९९७ ते २००२ या काळात मी एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होतो आणि तेथेही पीएफ कापला जात असे. ते पाच हंगाम पेन्शनसाठी धरले जातात का? पेन्शन साठाव्या वर्षापर्यंत थांबवली तर ती वाढते, असेही ऐकतो. पीएफमध्ये सुमारे १८ लाख आहेत आणि ग्रॅच्युइटीचे तीनेक लाख येतील. विमा प्रतिनिधी म्हणतात, सगळी रक्कम आजीवन पेन्शनच्या पॉलिसीत घाला; मेहुणे एका मल्टिस्टेटमधील (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेतील) बारा टक्के व्याजाचे सांगतात; आणि मुलाची इच्छा प्लॉट घेण्याची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : वेतनपत्रक_जालना

भाऊ, कार्यालयाने सांगितलेला आकडा फारसा चुकीचा नाही. फक्त तो कसा निघतो हे तुम्हाला कोणी समजावलेले दिसत नाही. तुमच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के संपूर्णपणे पीएफ खात्यात जातात, त्यातला एक रुपयाही पेन्शनकडे वळत नाही. पेन्शन निधीत जातात ते मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के, आणि तेही प्रत्यक्ष पगारावर नव्हे, तर कायद्याने ठरवलेल्या कमाल वेतनावर. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० होती, त्यानंतर १५,००० झाली. म्हणजे तुमचा पगार २४,००० असला तरी पेन्शन निधीत दरमहा जास्तीत जास्त १,२५० रुपयेच भरले गेले.

सूत्र असे आहे की पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. २०१४ पर्यंतच्या तुमच्या दहा वर्षांना ६,५०० ची मर्यादा लागते, त्याचे सुमारे ९२९ रुपये होतात. नंतरच्या बारा वर्षांचे १५,००० प्रमाणे २,५७१. बेरीज साडेतीन हजार. मात्र वीस वर्षे सेवा पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते; ती कार्यालयाने धरलेली दिसत नाही. ती धरल्यास आणखी दोनशे ते चारशेची भर पडावी. प्रत्यक्ष पगारावर पेन्शन घेण्यासाठी कामगार आणि मालक यांनी मिळून जो संयुक्त पर्याय द्यावा लागत होता, त्याची मुदत ११ जुलै २०२३ रोजी संपली. तेव्हा तो दिला नसेल, तर त्या आशेवर राहू नका.

आता कारखान्याचे हंगाम, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांत हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. हंगामी आस्थापनेत वर्षातले चार-पाच महिनेच काम झाले, तरी १९९५ च्या पेन्शन योजनेत ते पूर्ण वर्ष धरले जाते. आपल्या भागातील कारखान्यांच्या कामगारांना ही तरतूद क्वचितच कोणी सांगते. पाच हंगामांचे सुमारे ४६४ रुपये दरमहा होतात, आणि ते जन्मभर. अट एकच आहे : कारखाना सोडताना तुम्ही पेन्शन निधीचे पैसे उचललेले नसावेत. तेव्हा केवळ १९ क्रमांकाचा फॉर्म भरून पीएफ काढला असेल, तर सेवा शाबूत आहे. १०-सी भरून पेन्शनची रक्कमही घेतली असेल, तर ती वर्षे संपली. सेवा शाबूत असल्यास त्याच १०-सी अर्जाने पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या सेवेचा दाखला, मागा आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शन मागण्याच्या १०-डी अर्जासोबत ते जोडा.

साठपर्यंत थांबल्यास दरवर्षी चार टक्के वाढ मिळते हे खरे आहे. पण हिशेब करून पाहा : पेन्शन ३,९०० धरली, तर दोन वर्षांत सुमारे ९३ हजार सोडायचे आणि त्या बदल्यात दरमहा सव्वातीनशेच्याही आत वाढ घ्यायची. सोडलेली रक्कम भरून यायला साठीनंतर पंचविसेक वर्षे लागतील. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नसतो, म्हणून आज हातात येणारा रुपया अधिक मोलाचा आहे. मी तरी ५८ व्या वर्षीच घ्या म्हणेन.

उत्तर : टपालवाले_लातूर

वरील हिशेबाशी सहमत आहे. एकरकमी पैशांबद्दल थोडे लिहितो, कारण या विषयावर खिडकीपाशी रोज बोलणे होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी वय ६० लागते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु सेवानिवृत्त झालेल्या ५५ ते ६० वयाच्या व्यक्तीलाही निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडता येते, आणि तेही त्या रकमेच्या मर्यादेत. ही मुदत चुकली तर साठीपर्यंत थांबावे लागेल. कमाल ठेव ३० लाख आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे टिकतो. या दराने १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ८,२००. पेन्शन धरून घरात बारा हजारांच्या आसपास येतील आणि मुद्दल तुमच्याच नावावर राहील.

आजीवन पेन्शनची पॉलिसी सर्वस्वी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. हयातभर ठरलेली रक्कम देण्याचे काम ती करते. पण ती रक्कम बहुतेक वेळा आयुष्यभर तेवढीच राहते आणि घातलेले पैसे गरजेच्या वेळी सहजासहजी मोकळे होत नाहीत. सगळे १८ लाख त्यात घालण्याचा सल्ला ऐकला की प्रतिनिधीचे कमिशन डोळ्यांपुढे येते. दवाखान्यासाठी चार-पाच लाख बँकेच्या मुदत ठेवीत, हात पोहोचेल असे ठेवा.

उत्तर : बीडची_ताई

दादा, मल्टिस्टेटबद्दल स्पष्टच लिहिते. माझ्या यजमानांच्या निवृत्तीच्या रकमेपैकी मोठा भाग अशाच एका संस्थेत गेला आणि ठेवीची मुदत संपून बराच काळ लोटला, तरी पैसे मिळालेले नाहीत. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलसुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना ते नाही. फलकावर अर्बन आणि निधी असे शब्द वाचून माणसाला ती बँकच वाटते.

दुसरे, वहिनींचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. तुमच्या पश्चात त्यांना तुमच्या पेन्शनची निम्मीच रक्कम मिळेल, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. प्लॉट मुलाच्या नावावर झाला, तर त्यांच्या हातात काय उरेल? बचत योजनेचे खाते दोघांच्या नावे उघडा, आणि प्लॉटचा विषय मुलाच्या स्वतःच्या कमाईवर सोडा.

प्रश्नकर्ता : वाळूजचा_फिटर

सर्वांचे मनापासून आभार. घरातील जुनी ट्रंक उघडली असता कारखान्याची पीएफची एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर खाते क्रमांक आहे, पण नावात वडिलांच्या नावाऐवजी गावाचे नाव पडले आहे. रक्कम नेमकी कोणत्या फॉर्मने काढली हे आठवत नाही. कारखाना आता बंद आहे. मग दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची?

उत्तर : वेतनपत्रक_जालना

खाते क्रमांक मिळाला म्हणजे निम्मे काम झाले. पैसे कोणत्या फॉर्मने निघाले याची नोंद भविष्य निर्वाह निधी कार्यालयात मिळू शकते. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर भरते. त्यात ती चिठ्ठी, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि कारखान्याची पगारपत्रके किंवा ओळखपत्र असे जे काही असेल ते घेऊन जा, आणि नावाच्या दुरुस्तीचा तसेच सेवेच्या नोंदीचा असे दोन स्वतंत्र लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कारखाना बंद असताना मालकाच्या सहीऐवजी कोणता पुरावा चालेल, हेही त्यांच्याकडून लेखीच मागा. कारखान्याने कपात करूनही भरणा केला नव्हता असे निघाले, तर थकबाकी ठरवून वसूल करण्याचा अधिकार त्याच कार्यालयाला आहे आणि ही थकबाकी कारखान्याच्या इतर देण्यांच्या आधी येते. हे सर्व निवृत्तीच्या आधी उरकावे, कारण एकदा १०-डी मंजूर झाल्यावर राहिलेली सेवा जोडून घेणे फार जिकिरीचे होते.