जूनच्या पहिल्या आठवड्यात सायकलवर स्पिती, तयारी कशी करू?

गिअर_अडकला (पुणे)
मंडळी, हिमाचलमध्ये शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा (स्पितीतलं मुख्य गाव) आणि पुढे कुंझुम खिंड ओलांडून मनाली, असं सायकलवर करायचं डोक्यात घेतलंय. मी आणि एक मित्र, सपोर्ट गाडी नाही. सायकल हायब्रिड, ७०० बाय ३५ चे (म्हणजे ३५ मिमी रुंद) टायर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. सिंहगड, बोपदेव घाट नेहमीचंच आहे पण ते सगळं डांबर, कच्च्या रस्त्याचा अनुभव म्हणाल तर सोसायटीसमोर ड्रेनेजसाठी खोदून ठेवलाय तेवढाच. आत्ता मार्च संपत आलाय, हाताशी दोन महिने आहेत. आणि हे उलटं, म्हणजे मनालीकडून केलं तर? मनालीत मित्राच्या ओळखीचं हॉटेल आहे, सामान ठेवता येईल.

पेडलपुराण (नाशिक)
उलटं अजिबात नको. मनाली दोन हजार मीटरवर आणि कुंझुम साडेचार हजारांच्या वर, दोन-तीन दिवसांत तिथे पोचलात की डोकं असं धरतं की सायकल ढकलायचीही इच्छा उरत नाही. किन्नौरकडून चढ हळूहळू येतो. रेकाँग पिओ साधारण २३००, मग पूहला मुक्काम करा, खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो तिथून नाकोपर्यंत वळणावळणाने हजारभर मीटर चढायचंय, तो दिवस फक्त त्यालाच द्या. नाको ३६०० च्या आसपास, पुढे रस्ता उतरून ताबोला ३२०० ला येतो, तिथे झोप मस्त लागते. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि काझात एक दिवस काही न करता बसून राहायचं. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

खडीसम्राट
सगळे उंचीवरच बोलतायत, पण माणूस दमतो रस्त्याने. ३५ चे टायर काढ भाऊ, फ्रेममध्ये बसतील तेवढे जाड घाल, ४० तरी हवेतच, आणि हवा कमी ठेव. डांबरावर टणक टायर पळतो, खडीवर तोच टायर तुला उडवत राहतो आणि संध्याकाळी मनगटं कामातून जातात. दर रविवारी सिंहगड करून त्याची सवय होणार नाही. बोपदेवच्या वरून कानिफनाथकडे वगैरे मुरमाचे रस्ते फुटतात, तिकडे जा, आणि पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) भरून जा, रिकामी सायकल घेऊन नको. उतारावर ढुंगण सीटवरून उचलून, कोपर सैल ठेवून, ब्रेक थोडे थोडे दाबत उतरायचं. वळणावर मुरूम सुटलेला असतो तिथे पुढचा ब्रेक आवळला की आडवा झालासच. कॅरिअरचे बोल्ट खडखडून सुटतात, त्याला थ्रेडलॉक (बोल्ट सुटू न देणारा गोंद) लाव आणि चार जास्तीचे बोल्ट ठेव. ब्रेकपॅडच्या दोन जोड्या, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि तुझ्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा). हा हँगर काझात कुणाकडे मिळणार नाही!!

गिअर_अडकला (पुणे)
धन्यवाद दोघांना. टायरचं आजच दुकानात विचारतो. कुंझुम जूनच्या सुरुवातीला उघडा असतो ना पण? यूट्यूबवर तर सगळे आरामात जाताना दिसतात.

पेडलपुराण (नाशिक)
त्यातले बरेचसे व्हिडिओ जुलै-ऑगस्टचे असतात. बर्फ किती पडलाय त्यावर आहे सगळं, बीआरओ (सीमा रस्ते संघटना) कधी मे अखेरीस रस्ता मोकळा करते तर कधी जूनचा मध्य उजाडतो. म्हणून काझापर्यंतचीच राईड धरा, कुंझुम मिळाला तर बोनस. परतीचं तिकीट मनालीहून आत्ताच काढू नका. नाही उघडला तर आल्या वाटेने परत, सायकल एचआरटीसीच्या (हिमाचलची एसटी) बसच्या टपावर.

चाकोरीबाहेर (ठाणे)
उघडला तरी कुंझुमपलीकडचा बातल ते ग्रांफू हा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा जपून. तिथे दगडगोट्यांतून चालावंच लागतं, आणि नाले. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळून मांडीपर्यंत येतं, शिवाय पाण्याचा जोर वेगळाच. त्यामुळे उजाडताच निघायचं, दुपारच्या आत मोठे नाले पार झाले पाहिजेत, नाही झाले तर अलीकडेच थांबायचं. पाण्यात उतरताना शूज काढून पट्ट्याचे सँडल घाला, अनवाणी नको, खाली दगड दिसत नाहीत आणि पाय मिनिटभरात बधिर होतात. सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरू नका, पाण्याने ढकलली तर तुमच्याच अंगावर येते. कुंझुमच्या अलीकडचं लोसर गाव सोडलं की फोनला रेंज विसरा, घरच्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिकडे रडारड सुरू होते. आणि काझात स्टेट बँकेचं एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही, रोख रेकाँग पिओलाच काढून घ्या.