युरोव्हिजनवर एवढा पैसा ओतून गाणी सुधारतात का?

मुरकी

युरोव्हिजन या युरोपीय देशांमधल्या दरवर्षीच्या गाण्यांच्या स्पर्धेच्या गेल्या काही वर्षांच्या अंतिम फेऱ्या लागोपाठ पाहिल्या. काही प्रश्न पडलेत, जाणकारांनी उजेड पाडावा.

एक तर पैशाचं गणित. हा डामडौल नक्की कोणाच्या खिशातून होतो? जो देश जिंकतो त्याच्याच गळ्यात पुढच्या वर्षीचं यजमानपद, म्हणजे जिंकणं ही शिक्षाच की. दुसरं, गायक लाइव्ह गातात म्हणतात, पण गिटारला वायर नाही, ड्रमसमोर माइक नाही आणि वाद्यवृंद तर औषधालाही नाही. आणि मुख्य शंका अशी की एवढ्या खर्चाने गाणी चांगली होतात की नुसती चकचकीत? 'हल्लीचं संगीत' छापाचं रडगाणं नको, नियम आणि आकडे ठाऊक असतील तर सांगा.

खातेवही

भाग 'देश' घेतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात भाग घेते त्या देशाची सार्वजनिक वाहिनी. स्पर्धा या वाहिन्यांच्या संघटनेची, म्हणजे जिनिव्हातल्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची. प्रत्येक वाहिनी सहभाग शुल्क भरते आणि ते सगळ्यांना सारखं नसतं. स्पेनच्या वाहिनीने अलीकडे साडेतीन लाख युरोच्या आसपास भरले, आयर्लंडने साधारण लाखभर. सगळ्यांचं मिळून पन्नास-साठ लाख युरो जमतात आणि कार्यक्रमाचा खर्च सहज दोन कोटींच्या वर जातो. मधली खिंड लढवतात यजमान वाहिनी, यजमान शहर, प्रायोजक आणि तिकिटं.

सर्वात जास्त पैसे भरणारे फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, स्पेन आणि इटली उपांत्य फेरी न खेळता थेट अंतिम फेरीत जातात (२०२६ ला स्पेनने माघार घेतल्यावर चारच उरले). यामागे १९९६ चा धडा आहे. त्या वर्षी फक्त ध्वनिफीत ऐकून चाळणी लावली गेली आणि त्यात जर्मनी गळाला. सर्वाधिक पैसे देणाऱ्यांपैकी एकच कार्यक्रमाबाहेर! पुढे अशी वेळ येऊ नये म्हणून ही सोय झाली. गुणवत्तेच्या स्पर्धेत पैशाने घेतलेली राखीव जागा म्हणा हवं तर, पण ती काढली तर छोट्या देशांचं शुल्क वाढेल.

खरा भुर्दंड शहराला पडतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचं उदाहरण घ्या, कारण तिथे हिशेब चव्हाट्यावर आला. २०२५ च्या सोहळ्यासाठी बाझल-श्टाट कॅन्टनने (तिथल्या प्रांताने) जवळपास साडेतीन कोटी फ्रँक मंजूर केले. त्याविरुद्ध सह्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर चक्क सार्वमत घेतलं गेलं. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला. या रकमेत वाहिनीचा निर्मितीखर्च नाही. हे पैसे सुरक्षा, वाहतूक आणि शहरभरच्या कार्यक्रमांचे.

शहरांचा अंदाज चुकतो तो प्रामुख्याने सभागृहाबाबत. दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असं बंदिस्त सभागृह सहा-सात आठवडे पूर्ण रिकामं लागतं. २०११ मध्ये ड्युसेलडॉर्फने फुटबॉलचं स्टेडियम दिलं, तर तिथल्या क्लबला खेळायला शेजारी तात्पुरतं स्टेडियम उभारून द्यावं लागलं. २०१४ मध्ये कोपनहेगनने जहाजबांधणीची जुनी शेड निवडली. तिचं सभागृह करण्याचा खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीवर गेला. शेडला वीज, छताला वजन पेलण्याची ताकद, पाणी, रस्ता, सगळंच नव्याने करावं लागलं की असंच होणार. तयार सभागृह असलेलं मध्यम आकाराचं शहर निवडलं की खर्च आटोक्यात राहतो. स्वीडनने २०१३ मध्ये माल्म्योला नेमकं तेच केलं.

तिकिटांवर फार भिस्त ठेवू नका. दोन उपांत्य फेऱ्या आणि अंतिम फेरी, प्रत्येकीच्या दोन रंगीत तालमींनाही प्रेक्षक, असे नऊ प्रयोग विकता येतात. पण रंगमंच, कॅमेऱ्यांच्या क्रेन आणि कलाकारांची बैठक यांत अर्धं सभागृह जातं. लिव्हरपूलला ११,००० च्या सभागृहात प्रयोगाला सुमारे ६,००० लोकच बसले. तिथे परतावा मिळाला तो शहराला: नंतरच्या मूल्यमापनात स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे साडेपाच कोटी पौंडांची भर पडल्याचा आकडा आला. असे आकडे यजमान शहराच्याच सांगण्यावरून काढलेले असतात, तेव्हा चिमूटभर मीठ लावून घ्या.

छोट्या वाहिन्यांचं दुखणं वेगळं. २०१६ मध्ये रोमानियाच्या वाहिनीची संघटनेकडची थकबाकी १.६ कोटी स्विस फ्रँकवर गेली होती. गाणं निवडलेलं, गायक तयार, आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना बाहेर काढलं. २०२३ साठी माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनियाने खर्च झेपत नाही म्हणून माघार घेतली. आणि एक वाहिनी गेली की तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

साउंडचेक

वायरींचा प्रश्न माझ्याकडे.

नियम असा: वाद्यसंगीत संपूर्णपणे ध्वनिमुद्रित, मुख्य गायकाचा आवाज मात्र प्रत्यक्ष. गिटार, ड्रम, व्हायोलिन जे दिसतं तो अभिनय. २०२१ चा इटलीचा रॉक बँडसुद्धा वाद्यांपुरता अभिनयच करत होता. शेवटचा वाद्यवृंद १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये वाजला. तोपर्यंत देश आपला संचालकही घेऊन येऊ शकत.

कारण सरळ आहे. उपांत्य फेरीत प्रत्येक देशाचा साजसरंजाम उचलून पुढच्याचा लावायला सुमारे ४० सेकंद मिळतात. घरी पडद्यावर त्या देशाची छोटी चित्रफीत चालू असते, तेव्हा काळ्या कपड्यांतली माणसं चाकांवरचा सेट ढकलत आणतात, जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर बसवतात, आधीच्या गाण्याचे कागदाचे तुकडे झाडून काढतात. एवढ्यात तीस माइक लावून त्यांची पातळी तपासणं अशक्य. शिवाय दिवे, एलईडीवरची चित्रं, आगीचे फवारे आणि कॅमेऱ्यांची अदलाबदल हे सगळं ध्वनिफितीतल्या टाइमकोडला, म्हणजे वेळेच्या खुणांना बांधलेलं असतं. कोणत्या ठेक्याला कोणता कॅमेरा हे आधीच लिहिलेलं. जिवंत वाद्यवृंद अर्ध्या सेकंदाने मागेपुढे झाला तरी ही माळ तुटते.

२०२१ पासून साथीचे आवाजही ध्वनिमुद्रित चालतात. रंगमंचावर कमाल सहा माणसं, त्यात पूर्वी कोरसवाले मोजले जायचे. आता त्या जागी नर्तक येतात, किंवा गरीब वाहिनी दोनच माणसं पाठवून विमान आणि हॉटेलचा खर्च वाचवते. तोटा असा की काही गाण्यांत कोरस इतका जाड असतो की मुख्य गायक किती गातोय हे कळत नाही. ओळखायचं असेल तर कडव्यात ऐका, धृपदात नाही. कडव्यात साथ विरळ असते, सूर ढळला तर तिथेच ढळतो.

बिघाड झाला तर पुन्हा सादर करता येतं. २०१० मध्ये स्पेनच्या गाण्यात एक आगंतुक रंगमंचावर चढला, त्यांना शेवटी परत संधी मिळाली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या गायिकेच्या हातून माइक हिसकावला गेला, तिला संधी देऊ केली होती; तिने ती नाकारली.

मुरकी

वा, ४० सेकंदांचं गणित माहीत नव्हतं. मग एवढ्या तांत्रिक कसरतीत गाण्याचा दर्जा ठरवतं कोण?

बारा_गुण

अर्धं परीक्षक, अर्धं प्रेक्षक. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: परीक्षक अंतिम फेरी पाहून गुण देत नाहीत, आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर देतात. त्यामुळे शनिवारी कोणी जीव तोडून गायलं तरी परीक्षकांचा निम्मा भाग आधीच ठरलेला. शुक्रवारी घसा बसला तर शनिवारी भरून निघत नाही.

दुसरं, प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक आपापल्या पहिल्या दहा गाण्यांनाच गुण देतात: १२, १०, मग ८ पासून १ पर्यंत. सगळीकडे अकरावं आलेलं गाणं शून्यावर राहतं. म्हणून 'शून्य गुण' म्हणजे कोणालाच आवडलं नाही असं नव्हे; कोणाचंच फार आवडतं नव्हतं, एवढंच. बिनधोक, गुळगुळीत गाणी इथेच मरतात.

आता खर्च. २०२१ मध्ये ब्रिटनने रंगमंचावर राक्षसी आकाराचे ट्रम्पेट मांडले आणि परीक्षक, प्रेक्षक दोघांकडून शून्य घेऊन परतले. उलट २०१७ मध्ये पोर्तुगालचा साल्व्हादोर सोब्राल प्रेक्षकांमधल्या छोट्या गोल रंगमंचावर एकटा उभा राहिला. ना नर्तक, ना आग. तब्येतीमुळे सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी त्याची बहीण उभी राहिली होती, गाणंही तिचंच. ७५८ गुण मिळाले, हा आजही विक्रम आहे.

पण यावरून 'साधेपणाच जिंकतो' असं म्हणू नका. २०१८ मध्ये लिस्बनने खर्च कमी ठेवायला मागे एलईडीची भिंतच लावली नाही. झालं काय, तर ज्यांना पडदा हवा होता ते स्वतःचा घेऊन आले. जर्मनी तसं करून चौथं आलं. एस्टोनियाच्या ऑपेरा गायिकेच्या झग्यावर चित्रं टाकायचा खर्च ६५,००० युरोच्या घरात होता, त्यासाठी प्रायोजक शोधावे लागले. आठवा क्रमांक. म्हणजे यजमानाने वाचवलेला पैसा पाहुण्यांच्या खिशातून गेला.

माझं मत विचाराल तर पैसा रंगमंचावर नाही, निवडीवर लावावा. स्वीडन सहा आठवड्यांची राष्ट्रीय स्पर्धा घेतं, ती स्वतःच तिथला तुफान चालणारा कार्यक्रम आहे. गाणं मुख्य स्पर्धेला पोचेपर्यंत कॅमेऱ्याचा प्रत्येक कोन तपासून झालेला असतो. इटली सानरेमो या आपल्या गाण्यांच्या महोत्सवातून निवडतं, तिथे अजून पूर्ण वाद्यवृंद असतो; मात्र तिथलं गाणं युरोव्हिजनच्या तीन मिनिटांच्या मर्यादेत बसवायला कात्री लावावी लागते आणि बहुधा दुसरं कडवं बळी जातं.

जुना_सूर

सगळं मान्य, पण १९९९ ला दोन गोष्टी एकदम गेल्या: वाद्यवृंद आणि आपल्या भाषेत गाण्याची सक्ती. तेव्हापासून अर्धी गाणी इंग्रजीत आणि त्याच चार लोकांची. २०११ ला अझरबैजान जिंकला त्या गाण्याच्या तीन लेखकांत दोन स्वीडिश आणि एक ब्रिटिश. मग तो देश कशाला हवा?

बारा_गुण

@जुना_सूर, लेखकांबद्दल तक्रार रास्त आहे. पण भाषेचा काटा परत फिरलाय: २०२१ इटालियन, २०२२ युक्रेनियन, दोन्ही जिंकली. परभाषेतलं साधारण गाणं अकराव्या जागी अडकतं हे वाहिन्यांना कळलंय.

खातेवही

मुरकी, मूळ शंकेतला एक भाग राहिला. यजमानपद नाकारता येतं. १९७४ ला लक्झेंबर्गने लागोपाठ दुसऱ्यांदा भरवायला नको म्हटलं म्हणून स्पर्धा ब्रायटनला झाली. आयर्लंड १९९२ ते ९४ सलग तीनदा जिंकला आणि तिन्ही वेळा त्यांनी सोहळा भरवला. १९९३ चा तर मिलस्ट्रीट नावाच्या चिमुकल्या गावात, घोड्यांच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या सभागृहात.

आणि पुढच्या वर्षी पाहणार असाल तर मतही देऊन पाहा. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतल्यांना ऑनलाइन, कार्डाने पैसे भरून मत देता येतं. आपली सगळ्यांची मतं मिळून एका देशाइतके गुण ठरतात. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारी रात्री साडेबाराला, म्हणजे तारखेने रविवारी सुरू होते. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही ही अट आपल्याला लागू होण्याचा प्रश्नच नाही.