काका वारले, एफडीचं व्याज अजून त्यांच्याच पॅनवर. रिटर्न कोणाच्या नावाने?

प्रश्न (आर्णी तालुका):
मावशीचे यजमान, निवृत्त जि. प. शिक्षक, वय ६७, १८ नोव्हेंबर २०२५ ला वारले. एफडी २० लाखांची, ७.३ टक्के. वर्षाचं व्याज १,४६,००० आणि टीडीएस (बँकेनं आधीच कापलेला कर) १४,६००, दोन्ही काकांच्याच पॅनवर दिसतात. मावशी नॉमिनी आहे. सगळं व्याज तिच्या रिटर्नमध्ये घ्यायचं का? तलाठ्याकडचा वारस फेरफार झालेला आहे, तो चालेल का?

उत्तर १:
सगळं नाही. वर्षाचे दोन तुकडे पडतात. १ एप्रिल ते १८ नोव्हेंबर म्हणजे २३२ दिवस. रोजचे ४०० रुपये धरून ९२,८०० काकांच्या रिटर्नमध्ये, पेन्शनसोबत. ते रिटर्न मावशी वारस म्हणून भरेल. उरलेल्या १३३ दिवसांचे ५३,२०० वारसांचे. काकांना करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची मिळते, महिन्यांच्या हिशेबाने कापत नाहीत. जुन्या करपद्धतीने भरलं तर ज्येष्ठांची व्याजावरची ५०,००० पर्यंतची वजावटही घ्या, ती बरेच जण विसरतात.

बँकेकडून तारीखवार व्याजाचा दाखला आत्ताच मागा. काकांच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं वर्षभराच्या उत्पन्नाचं पत्रक) पूर्ण १,४६,००० दिसणार, म्हणून फरकाची नोटीस आली की हाच कागद कामी येतो.

उत्तर २:
फेरफार सातबाऱ्यापुरता. वारस म्हणून रिटर्न भरायला आयकर पोर्टलला तहसीलचा वारसान दाखला लागतो; नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागदही चालतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि दोघांचे पॅन. तहसीलचा दाखला नुसता मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा, अर्ज बहुतेक इथंच अडकतो. मावशीच्या लॉगिनमधून 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये जाऊन 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणून नोंदणी करायची. मंजुरीला दिवस लागतात, ३१ जुलैची वाट पाहू नका.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलं किंवा काकांची आई हयात असेल तर त्या ५३,२०० मध्ये त्यांचाही वाटा येतो.

प्रश्नकर्ता:
मूलबाळ नाही, आईही नाही. मग टीडीएसचं काय?

उत्तर १:
मग ५३,२०० पूर्ण मावशीचे, आणि त्यावरचा ५,३२० टीडीएसही तिचा. बँकेला मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या, की १८ नोव्हेंबरनंतरचं व्याज आणि टीडीएस मावशीच्या पॅनवर दाखवा. बँकेनं आपलं टीडीएस विवरण दुरुस्त केलं की रक्कम तिच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा कराचा तक्ता) येते. दुरुस्ती झाली नाही तर दोघांसाठीही आयटीआर-२ हा रिटर्नचा फॉर्म घ्या. काकांच्या रिटर्नमध्ये ९,२८० स्वतःकडे, ५,३२० मावशीच्या पॅनपुढे. तिच्या रिटर्नमध्ये तेच ५,३२० काकांचा पॅन टाकून. आयटीआर-१ मध्ये ही सोय नाही.

मावशी साठीच्या वर असेल आणि कर शून्य येत असेल तर पुढच्या व्याजावर टीडीएस कापू नये असा तिच्या नावाचा अर्ज बँकेत द्या. काकांचा पॅन रिटर्न आणि रिफंड निपटेपर्यंत परत करू नका. रिफंडसाठी दिलेलं खातं चालू आहे ना, तेही तपासा; बंद खात्यावर गेलेला रिफंड फिरून परत जातो.