मदत हवी आहे: दूरच्या सर्व्हरवरचं उबुंटू १८.०४ अपग्रेड करायचंय

मंडळी, एका सर्व्हरवर अजून उबुंटू १८.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) चालू आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला, चालढकल माझीच. थेट २२.०४ वर जाता येत नाही, मध्ये २०.०४ चा टप्पा घ्यावा लागतो, एवढं ठाऊक आहे. मशीन लांब, हाताशी फक्त एसएसएच (दुरून कमांड द्यायची जोडणी). काल अपग्रेड सुरू केलं तर १०२२ पोर्टवर जादा एसएसएच उघडू का, असं विचारलं. तो पोर्ट फायरवॉलमध्ये बंद आहे हे आठवलं आणि घाबरून 'नाही' दाबलं. रीबूटनंतर नेटवर्क आलंच नाही तर मी बाहेरच! पोस्टग्रेस १० या डेटाबेसचा डेटाही त्यावरच आहे (डंप, म्हणजे बॅकअप प्रत, घेतलाय). असंच पुढे जाऊ, की नवा सर्व्हर उभा करून डेटा तिकडे हलवू? कुणी केलंय का हे?