पावडर, कुंकू, लिपस्टिक आणि घरातल्या बायका: तुमचे अनुभव

झुळूक
परवा भाचीचं लग्न झालं. पार्लरची मुलगी नवरीच्या खोलीत ठाण मांडून होती. नवरी झाली, करवली झाली, मग तिने सहज आमच्या वन्संना विचारलं, "आजी, तुम्हाला काही लावू का?" वन्सं एकाहत्तर, जिल्हा परिषदेतून निवृत्त. आम्ही सगळ्या "त्यांना नाही हो आवडत" म्हणणार तेवढ्यात त्याच बोलल्या, "मरून आहे का? मॅट नको, ओठ फाटतात माझे." मॅट ही भानगड वन्संना ठाऊक आहे याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

तेव्हापासून आजीची फणेरपेटी आठवतेय. आत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. आधी कपाळाला मेण, त्यावर कुंकू, मग पदराच्या टोकाने कड नीट करायची. आजोबा गेले आणि पेटी माळ्यावर गेली. आजी त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. पेटी काढ असं तिला कुणी म्हटलं नाही, तिनेही मागितली नाही. आई शिक्षिका. तिचं सगळं पाँड्स पावडरमध्ये उरकायचं, तीही चेहऱ्यापेक्षा मानेलाच जास्त. आम्ही हसलो की म्हणायची, "शाळेत जायचंय मला, तमाशात नाही."

तुमच्या आई, आज्या, सासवा, आत्या यांचं काय होतं? आणि तुमचं स्वतःचं? पन्नाशीनंतर वाढलं की सुटलं? लिहा गं.

केळफूल
वन्संना साष्टांग नमस्कार. शेड कुठली लावली शेवटी ते सांग आधी.

बाराखडी
आमच्याकडे अफगाण स्नो! नाव अफगाण, पण माल मुंबईचा, पाटणवालांचा. १९१९ पासूनचा. आजी नुसतं "स्नो" म्हणायची. चेहरा पांढराफटक आणि मान मूळच्या रंगाची, जुन्या फोटोंत सगळ्या आत्या तशाच आहेत. रंगीत फोटो आले तेव्हा खरा घोटाळा कळला. कुकर लावलाय, नंतर येते.

८_१२ची_लोकल
आमच्या डब्यात या. पन्नाशीच्या पुढच्या बायका उभ्याउभ्या पूर्ण तोंड रंगवून घेतात. फक्त काजळ गाडी थांबली की घालायचं, हा नियम. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात मोठी यंदा रिटायर होतेय. तिची लिपस्टिक कायम जागच्या जागी. एकदा विचारलं तर म्हणाली, सासूबाई होत्या तोवर सकाळी कुर्ल्याला लावायची आणि संध्याकाळी कुर्ल्यालाच पुसायची. आता घरूनच लावून निघते. कुर्ला आलं की हात अजून पर्सकडे जातो म्हणे. चला दादर, उतरते.

पेशवीण
आईचं लग्नाआधीचं माहेर सेवादलाचं, खादी वगैरे. नटणं म्हणजे पाप नाही, पण वेळेचा अपव्यय नक्की. मामाने एकदा लॅक्मेचं नेलपॉलिश आणलं. आई म्हणाली, परदेशी वस्तू घरात नको. मामा म्हणाला, अगं नाव परदेशी आहे, कंपनी टाटांची. तेही खरंच. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जातं म्हणून टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे काढली होती. नंतर सिमोन टाटांनी वाढवली. टाटांचं म्हटल्यावर आई विरघळली. पण लावलं फक्त पायाच्या नखांना. हाताने कणीक मळायची असते ना!

तात्या_बागाईतदार
पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? आमच्या आजीचा कायदा असा होता: क्रीम, स्नो, लाली सगळं वर्ज्य, पण विको टर्मरिक चालेल, कारण ते औषध. पुढे वाचनात आलं की ते प्रसाधन धरायचं की आयुर्वेदिक औषध यावर विको आणि उत्पादन शुल्क खातं वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होतं. शेवटी औषधच ठरलं. आजीने निकाल आधीच दिलेला होता, फुकटात.

केळफूल
तात्या, हाहाहा. चालेल, लिहा. झुळूक, शेड?

झुळूक
अगं वन्संनाच विचारलं. म्हणाल्या, नंबर त्या मुलीला विचार, मला माहीत असता तर मी घेतली नसती का?

म्हाळसा
मी शिरोळची. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढलं. पेपरात फोटो आले, खूप कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे यजमान त्याच्या आधीच गेलेले. मी पेपर घेऊन गेले, म्हटलं, अक्का, आता लावा की टिकली. म्हणाल्या, "ठराव झाला गं, पण समोरच्या काकू कुठं ग्रामसभेला गेल्या होत्या?" सहा-आठ महिन्यांनी बघते तर बारीक काळी टिकली. लाल नाही. पावडर लावतात, केसाला डाय करतात, हळदीकुंकवाला मात्र अजून स्वयंपाकघरातच बसतात, बोलावलं तरी. मी लालचा आग्रह सोडला. त्यांचं त्यांनी कुठपर्यंत यायचं ते ठरवलंय.

झुळूक
म्हाळसा, काय लिहू कळत नाहीये. काळी टिकली आमच्या आत्याही लावायच्या, आम्हाला लहानपणी वाटायचं त्यांना काळा रंग आवडतो.

ऱ्हस्वदीर्घ
न्यू जर्सीहून. आई पुण्यात, अठ्ठ्याहत्तर. व्हिडिओ कॉलच्या आधी पावडर, टिकली, केस नीट. मला वाटायचं जावयासाठी. कसलं काय, कोपऱ्यातल्या लहान चौकटीत स्वतःचा चेहरा दिसतो ना, तोच बघत बसते. मी बोलतेय आणि ती मान इकडे-तिकडे करून बघतेय. मध्येच म्हणते, "या बाजूने बरी दिसते मी, नाही?"

तात्या_बागाईतदार
यावरून आमच्या मातोश्री. वय त्र्याऐंशी, मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी आरशासमोर गेल्या आणि ओरडल्या, "एवढ्या सुरकुत्या? आणि तुम्ही कुणी सांगितलं नाही?" मग घरभर फिरून जळमटं दाखवली. बायको तेव्हापासून म्हणते, दुसऱ्या डोळ्याची घाई नको. डॉक्टरांनी काही आठवडे काजळ बंद सांगितलं होतं. डबी उशीखाली सापडली. घरचं काजळ, आजवर कधी चुकवलं नाही तिने.

केळफूल
घरचं काजळ कसं करतात? खरंच विचारतेय. माझ्या सासूबाई करायच्या पण विचारायचं राहिलं.

ओली_काजू
एरंडेलाचा दिवा लावायचा, त्याच्या ज्योतीवर तांब्याची ताटली पालथी धरायची. खाली दोन वाट्यांचा आधार दे, हाताने धरू नकोस. जमलेली काजळी खरवडून साजूक तुपात घोटायची. कोणी बदाम जाळतात. पण बाळाच्या डोळ्यात घालू नका हां, डॉक्टर ओरडतात आणि बरोबर ओरडतात.

आता मूळ विषय. आम्ही म्हापशाला. शेजारची बाई ख्रिश्चन, ऐंशीच्या पुढची. रविवारी चर्चमध्ये मासला जाताना पावडर, लिपस्टिक, मोत्यांची माळ, टाचेचे बूट. आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात ओठाला काही लावलं नाही, पण आबोलीचा वळेसर माळल्याशिवाय देवळात गेल्या नाहीत. दोघी जिवलग मैत्रिणी. एक म्हणणार, ओठ बघ तुझे कसे फिके, दुसरी म्हणणार, डोकं बघ तुझं कसं ओकंबोकं. मला दोघींनी छळलं, कारण मी दोन्ही करत नाही.

संत्राबर्फी
मला या सगळ्याचा उलट राग येतो. स्पष्टच लिहिते. मी त्रेसष्ट. चाळिशीपर्यंत सासरे म्हणायचे, बाई, हे काय तोंडाला फासलं? आता सून म्हणते, मम्मी, थोडं टचअप करा, फोटो काढायचाय. भिशीत तेच, मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये तेच. सगळ्यांची सारखी नऊवारी, सारखा खोपा आणि सारखी लाल लिपस्टिक. मी खेळायला येते ना बाप्पा, फुगड्या घालते, पिंगा घालते, वरून ओठ पण रंगवू का? केस पांढरे सोडले तर सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये हळूच विचारतात, तब्येत बरी आहे ना? तेव्हा लावू नको म्हणून ऐकलं, आता लाव म्हणून ऐकते. मधली माझ्या मर्जीची वर्षं कुठे गेली, सांगा कोणी.

पेशवीण
संत्राबर्फी, टाळ्या.

बाराखडी
मी पण पांढरे सोडले. सहा महिने झेब्र्यासारखी फिरले. आता बरं वाटतं. पण लिपस्टिक मात्र तेव्हापासून जास्त लावते, पांढऱ्या केसांवर खुलते. ज्याचं त्याचं.

खडीसाखर
त्वचारोग ओपीडीत काम करते म्हणून दोन गोष्टी. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने (पीटीबीपी) काहींच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. बायका कोड समजून लपवतात आणि लपवायला त्यावर आणखी मोठी टिकली लावतात! टिकली बंद करा म्हटलं की साठीच्या बाईच्या डोळ्यात पाणी. "अहो, हे आहेत अजून, मोकळं कपाळ कसं ठेवू?" गोंद नको, साधं कुंकू लावून बघा, असं सांगून समजूत काढावी लागते. त्यानेही खाज आली तर तेही बंद. दुसरं, केसांचा डाय. वर्षानुवर्षं चाललेला डायसुद्धा एक दिवस अचानक उठतो, तोंड सुजतं. कानामागे थोडा लावून ४८ तास वाट बघा. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यातही बहुतेक वेळा डायमधलंच रसायन असतं.

करमाळकर_काकू
साधं कुंकू म्हणजे केमचं घ्या. आमच्या तालुक्यातलं, कुंकवाचंच गाव आहे ते. माझी आजी घरीसुद्धा करायची, हळकुंडं लिंबाचा रस आणि पापडखारात मुरवून, सावलीत वाळवून, कुटून. हात आठवडाभर लाल.

ओली_काजू
काकू, मला पाव किलो पाठवा ना, देवाला पण होईल.

करमाळकर_काकू
पत्ता निरोपात टाक. पाव किलो वर्षभर संपायचं नाही हो, छटाकभर पुरे.

वांगीभात
विषय थोडा वेगळा आहे, पण माझी महागाची नाइट क्रीम नवरा टाचांच्या भेगांना लावतो हे आज कळलं. टाचा मात्र सुरेख झाल्यात त्याच्या.

केळफूल
वांगीभात, आता तू त्याची दाढीची क्रीम ओट्याला लाव.

८_१२ची_लोकल
परत आले, मागचं सगळं आत्ता वाचलं. संत्राबर्फी, तुमचं आमच्या डब्यात मोठ्याने वाचून दाखवलं, दोघी म्हणाल्या खरंय, एकीने वाचता वाचता लिपस्टिक काढली आणि लावली. बरं, सल्ला हवाय. त्या रिटायर होणाऱ्या मैत्रिणीला निरोपाला काय द्यावं? निम्म्या म्हणतात चांदीचं निरांजन, निम्म्या म्हणतात लिपस्टिकचा चांगला सेट.

संत्राबर्फी
तिला विचारा की बाई!

८_१२ची_लोकल
विचारलं. म्हणाली, निरांजनं घरात तीन आहेत. वर्गणी दोनशे ठरलीय, आम्ही अकरा जणी. ब्रँड सुचवा, मॅट चालेल तिला.