मेट्रोनोम लावला की लय सुटते. सराव नेमका कसा करावा?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात मला गायकाला गिटारवर साथ करायची आहे. एकट्याने वाजवताना सारे ठीक वाटते. परंतु मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) ८० च्या गतीला, म्हणजे मिनिटाला ८० ठोके असा, लावला की थोड्याच वेळात मी ठोक्याच्या पुढे निघून जातो आणि सी कॉर्डवरून एफच्या बार कॉर्डवर (जिथे एकच बोट आडवे ठेवून सगळ्या तारा दाबाव्या लागतात) जाताना हमखास मागे पडतो. गती कमी करावी, की सवय होईपर्यंत याच गतीला वाजवत राहावे? आणि मोबाइलवरील ॲप पुरेसे आहे का?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)
गती जरूर कमी करावी. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच आहे: एफ जड जाणार हे ठाऊक असल्यामुळे सोप्या कॉर्डवर हात घाई करतो आणि तरीही बार धरताना वेळ अपुरा पडतो. म्हणून पूर्ण गाणे बाजूला ठेवून केवळ सी आणि एफ घ्यावेत. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका, असा लावावा आणि तोंडाने ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजत ठोक्याला खाली व ‘आणि’ला वर असा उजवा हात चालवावा. चौथ्या ठोक्यानंतरच्या ‘आणि’ला डाव्या हाताची बोटे उचलावीत, त्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तरी बिघडत नाही, चांगले वादकही कॉर्ड बदलताना तसे करतात. बार नीट बसला नाही, एखादी तार दबकी वाजली, तरीही पुढच्या पहिल्या ठोक्याला उजवा हात खाली आलाच पाहिजे. साथीसाठी माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

गती वाढवताना घाई नको. लंबकाच्या जुन्या मेट्रोनोमवर ६०, ६३, ६६, ६९, ७२, ७६, ८० असे आकडे छापलेले असतात. त्याच पायऱ्यांनी वर जावे.

प्रतिसाद (कर्वेनगर)
मी तबला शिकते. आमच्या रियाजात लय तीच ठेवून ठेका एकपट, दुप्पट, चौपट करतात व पुन्हा एकपटीला येतात. गिटारवरही ६० चा ठोका न बदलता एका ठोक्यात एक, मग दोन, मग चार आघात वाजवून पाहा. चौपटीवरून एकपटीला उतरताना हात पुढे पळतो की नाही, हे तिथे लगेच उघडे पडते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मी ब्लूटूथ हेडफोन वापरतो. त्यातून ठोका उशिरा ऐकू येतो असे वाचले, ते खरे आहे का?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)
खरे आहे, परंतु तो उशीर जवळजवळ सारखाच राहत असल्याने केवळ कानाने ऐकून वाजवताना अडचण येत नाही. पडद्यावर लुकलुकणारा दिवा पाहून वाजवले किंवा सोबत रेकॉर्डिंग केले, तर मात्र फरक जाणवेल. तेव्हा वायरचे हेडफोन घ्यावेत. ॲप पुरेसे आहे.

८० ची गती स्थिर झाली की मेट्रोनोम ४० वर लावून त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहेत असे धरून वाजवा. आता दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंद जातो आणि पहिली व तिसरी मात्रा तुम्हालाच सांभाळावी लागते. हे सुरुवातीला फार अवघड जाते, पण गायकासोबत बसल्यावर हाच सराव उपयोगी पडतो. तालमीत मेट्रोनोम बंद ठेवावा, कारण गायक शब्दावर किंचित रेंगाळला तर साथीने त्याच्यासोबत थांबायला हवे. सुरुवात करण्याआधी तेवढा ॲपचा दिवा पाहून ठरलेल्या गतीत चार मात्रा मनात मोजून घ्याव्यात.