आईचा हृदयातला टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) व्हॉल्व्ह गळतोय, कॅथेटरने नवा बसतो का?

प्रश्न (बडोदा): वय 74. एऑर्टिक (हृदयातून महाधमनीत उघडणारा), 21 नंबर. छाती न उघडता होईल?

उत्तर: होतं. जांघेतल्या धमनीतून नेऊन नवा व्हॉल्व्ह जुन्याच्या आतच उघडतात. मेटलचा असता तर नाही. आधी इम्प्लांट कार्ड (बसवलेल्या व्हॉल्व्हची माहिती असलेलं) शोधा, मॉडेल महत्त्वाचं. छापलेला नंबर म्हणजे आतला व्यास नव्हे. तो कमीच भरतो.

उत्तर: क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) करा. जुनी पाकळी बाहेर ढकलली जाऊन कोरोनरीचं (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं) तोंड बुजू शकतं. नव्या व्हॉल्व्हपासून या तोंडापर्यंतचं अंतर 4 मिमीहून कमी असेल तर धोका मोठा. पाकळ्या फ्रेमच्या बाहेरून शिवलेल्या असतील तर जास्तच.

उत्तर: गळती मधून की कडेने, ते टीईईत (अन्ननलिकेतून केलेल्या इकोत) बघा. कडेची असेल तर आत नवा बसवून उपयोग नाही, हे बरेचदा राहून जातं. शिवाय 21 मध्ये ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) उरतो; म्हणून जागा वाढवायला काही मॉडेलांची रिंग हाय-प्रेशर बलूनने तडकवतात, सगळ्यांची तडकत नाही.